पितळेची मोड आणि घरची भट्टी



घरी बसून धातूचे काम करणे पालघरच्या किनारपट्टीस नवे नाही. चिंचणी-वाणगाव परिसरात दागिन्यांचे साचे कोरण्याचा ‘डायमेकिंग’ व्यवसाय घरांतूनच रुजला. तेव्हा एखाद्या होतकरू कारागिराने परसात मूस मांडून पितळेचे ओतकाम सुरू केल्यास नवल नाही. मोडही हाताशी असते: घरोघरची फुटकी तपेली, सातपाटीसारख्या बंदरांतील नौकांचे जुने भाग, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून भंगारात निघणारे नळ व झडपा.

मात्र ही सर्व पितळ एका जातीची नसते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. परंतु नळासारख्या कातीव मालात, तो लेथवर सहज कातला जावा म्हणून, 2 ते 3 टक्के शिसेही घातलेले असते. ते डोळ्यांस दिसत नाही. अशा मोडीचा कडी-कोयंडा ओतावा; अन्नाचे भांडे कदापि ओतू नये. रासायनिक कारखान्यातील झडपेत काय साचले असेल हे सांगता येत नाही, म्हणून ती घरच्या भट्टीत न टाकणेच इष्ट.

खरा प्रश्न धुराचा आहे. पितळ सुमारे 900 ते 950 अंश सेल्सिअसला वितळते आणि जस्त 907 अंशांना उकळते. म्हणजे धातू पातळ होतो त्याच सुमारास त्यातील जस्त उडू लागते व हवेत जळून त्याचे पांढरे भस्म होते. पैसे मोजून घेतलेले जस्त असे आढ्याला चिकटते आणि कारागिराच्या छातीतही जाते. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, त्याला थंडी वाजून ताप भरतो, घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. घरचे त्यास हिवताप समजून मोकळे होतात. गूळ खाल्ल्याने धूर बाधत नाही, अशी समजूत ओतकाम करणाऱ्यांत आढळते. गूळ अवश्य खावा, पण तो धुरावरील उपाय नव्हे. मुशीतील धातूवर कोळशाची भुकटी किंवा टाकणखार टाकून ते झाकावे, गरजेपेक्षा अधिक तापवू नये, आणि भट्टी उघड्या छपराखाली, वारा पाठीशी येईल अशी मांडावी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायूही कोंडतो.

दुसरा शत्रू ओल. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते. ओला तुकडा वितळलेल्या पितळेत पडला की धातू उसळून अंगावर येतो. कोकणच्या चौमाशात तर वाळूचा साचा, चिमटा, मोड सारेच दमट असते. प्रत्येक वस्तू आधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडी करावी. बंद पोकळ भाग कापून उघडावेत. पायाखाली सिमेंटची फरशी नको, कोरडी वाळू हवी. सांडलेल्या धातूवर पाणी ओतू नये.

शाळेतून परतलेली मुले भट्टीभोवती जमतात, तीच ओतण्याची वेळ नसावी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि शिसे असलेली मळी विहिरीजवळ टाकली जात नाही ना, हे पंचायतीने जाऊन पाहावे.