बियाण्याच्या गावात सेंद्रिय सरकी



देशाच्या शेतीत जालन्याचं नाव निघतं ते बियाण्यामुळे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये देशात सर्वप्रथम मान्यता मिळालेली बीटी कपाशीची संकरित वाणंही याच कंपनीची होती. अशा जिल्ह्यात सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायला निघालेल्या कापूस उत्पादकाची पहिली दमछाक होते ती बिनबीटी, औषध न लावलेली सरकी शोधताना. खत, अर्क, बाजार हे सगळं पुढचं.

नियम याबाबतीत निःसंदिग्ध आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या वतीने अपेडा ही शेतमाल निर्यातीची संस्था २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम राबवते. त्यात जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला पूर्ण बंदी आहे. बी सेंद्रिय शेतातलं हवं. तसं मिळालंच नाही तर साधं चालतं, पण रासायनिक प्रक्रिया न केलेलं. दुकानातली बहुतेक सरकी मात्र रंगवलेली, औषध लावलेली येते, आणि देशातल्या कपाशीचं नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेलेलं. एक काळ बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिनबीटी सरकीची वेगळी पुडी यायची, कडेच्या ओळींत लावण्यासाठी. अनेकांनी ती बांधावरच टाकून दिली. आता तीही गेली. पाच टक्के बिनबीटी बी त्याच पाकिटात मिसळलेलं असतं, निवडून काढायची सोय नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानलं नाही. दुसरा पर्याय तेव्हापासून तरी उभा राहायला हवा होता.

तुरीकडे पाहिलं की फरक लक्षात येतो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेलं बीडीएन ७११ हे सरळ वाण आहे. शेतकरी घरचं बी राखून ठेवू शकतो, पुढच्या वर्षी पेरू शकतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क मान्यही केला आहे. म्हणून जिल्ह्यात सेंद्रिय तूर करणं त्या मानाने सोपं. संकरित कपाशीचं घरचं बी पुढे तसंच उतरत नाही, त्यामुळे तिथे ही वाट पहिल्याच वर्षी बंद होते.

प्रमाणपत्राचे रस्ते मुख्यतः दोन. माल परदेशी पाठवायचा असेल तर अपेडाच्या मान्यतेची संस्था येऊन तपासणी करते. एकट्याला तो खर्च झेपत नाही, म्हणून गट करायचा, गटाने स्वतःची अंतर्गत तपासणी ठेवायची. दुसरा रस्ता सहभागी हमी पद्धतीचा, म्हणजे पीजीएसचा. पाच शेतकरीही गट करू शकतात, एकमेकांची वावरं पाहतात, एकमेकांची हमी देतात. खर्च नगण्य, माल मात्र देशातच विकता येतो. गाव एकमेकांना ओळखतं, त्यामुळे ही पद्धत भोळी वाटते, पण शेजाऱ्याने रात्री कोणती फवारणी केली हे बाहेरच्या निरीक्षकापेक्षा शेजाऱ्यालाच आधी कळतं!

आता पैशाचं. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ मध्ये आली. साधारण वीस हेक्टरचा गट, तीन वर्षांची मदत. सुधारित निकषांनुसार हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर. तीन वर्षांत आणि एकरांत वाटून पाहा: एकरी वर्षाला जेमतेम दोन हजार. एका खुरपणीची मजुरी तरी त्यात भागते का, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री अशा कामांवर जाते. ती कामं अनाठायी नाहीत. पण सगळ्यात जड वर्षं कोणती? हंगामी पिकाला दोन आणि मोसंबीसारख्या बागेला तीन वर्षं परिवर्तन काळ धरतात. त्या काळात उत्पन्न घटलेलं, माल विकायचा तो साध्या भावाने. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबीही त्याला अपवाद नाही. योजनेचा आधार नेमका इथे हवा, भावातल्या फरकाच्या रूपात.

अन्याय आणखी एका ठिकाणी आहे. शेजारच्या फवारणीचा तुषार आला तर दोष सेंद्रिय शेतकऱ्याचा. संरक्षक पट्टा त्याने सोडायचा, त्या पट्ट्यातला माल त्याने वेगळा काढायचा, नोंद त्याने ठेवायची. फवारणाऱ्याला काहीच विचारणा नाही.

कागद वाढले आहेत, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये भारतीय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेण्याचं जाहीर केलं आणि दीड वर्षानंतर ती संपली. भारताच्या सेंद्रिय कापसाबद्दलही परदेशी वृत्तपत्रांनी शंका घेतल्या. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांची आठवी आवृत्ती आली, गटांना कायदेशीर संस्थेचं रूप घेणं भाग पडलं. देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रमाणपत्राशिवाय पाकिटावर सेंद्रिय असं छापता येत नाही; थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला तेवढी सूट आहे. खोटा माल अडवायलाच हवा. पण आठ एकरांच्या शेतकऱ्याच्या माथी निर्यातदाराएवढी दप्तरं मारायची तर ती लिहायला गटाला पगारी माणूस द्या.

जिल्ह्यात करण्यासारखं बरंच आहे आणि करणारी माणसंही होऊन गेली आहेत. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने कडवंचीत पाणलोटाचं काम झालं ते एकेका वावरापुरतं नव्हे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या शिवाराचं. सेंद्रिय गटही तसे सलग शिवारात व्हावेत. विखुरलेल्या वावरांच्या यादीने गट कागदावर पुरा होतो, तुषाराचा प्रश्न तसाच राहतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे गावरान कपाशीची पीए २५५, पीए ४०२ अशी लांब धाग्याची सरळ वाणं आहेत. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र, बदनापूरचं केंद्र, परभणीचे शास्त्रज्ञ आणि जालन्यातल्या बियाणे कंपन्यांनी मिळून जिल्ह्यात या वाणांचे, बीटीपासून पुरेसं अंतर राखून, बीजोत्पादन प्लॉट घ्यावेत, अशी या अधिवेशनाची मागणी असावी. जिनिंगवाल्यांनाही त्याच बैठकीला बोलवावं. गावरान कपाशी वेगळी जिन करणार कोण, हे आधी ठरलं नाही तर बी मिळूनही कुणी पेरणार नाही. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सरकी हातात हवी असेल तर प्लॉट याच खरिपात पडायला हवेत, आणि बैठक त्याआधी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास.