कॅनडाच्या नाण्यांवरील प्राणिसृष्टी



नाण्याच्या एका अंगावर राजाची मुद्रा उमटवावी आणि दुसऱ्या अंगावर राज्याला स्वतःविषयी जे सांगावेसे वाटते ते कोरावे, हा शिरस्ता पुरातन आहे. परंतु ज्या देशाचा राजा समुद्रापलीकडे राहतो त्याला आपले सारे म्हणणे त्या दुसऱ्या अंगावरच मांडावे लागते, आणि कॅनडाची नाणी संग्राहकांना इतकी भुरळ घालतात त्याचे कारण, माझ्या मते, या अडचणीतच आहे.

पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ साली तेथे चांदीचा डॉलर निघाला. त्यावर शिल्पकार एमान्युएल हान यांनी ढाल, तलवार, मुकुट यांपैकी काहीच न घेता भूर्जसालीची होडी वल्हविणारे दोघे पुरुष घेतले : एक कातड्यांच्या व्यापारातला नावाडी, दुसरा त्या भूमीचा मूळ रहिवासी, मागे वृक्षांचे बेट आणि आकाशात ध्रुवीय प्रकाशाच्या पुसट रेषा. होडीतल्या एका गाठोड्यावर भिंगातून पाहिले असता हडसन बे कंपनीची आद्याक्षरे दिसतात. १६७० साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळवून अफाट मुलखाचा मक्ता घेणारी ही कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल सोसलेल्यांच्या वंशजांना त्या दोन अक्षरांवर अधिक भाष्य नको.

१९३७ साली पाच सेंटांच्या नाण्यावर बीव्हर हा प्राणी आला. युरोपातील प्रतिष्ठितांच्या टोप्यांसाठी ज्याची लव ओरबाडता ओरबाडता त्याचा निर्वंश होण्याची वेळ आली, त्यालाच राष्ट्रचिन्हाचा मान द्यावा, यात पश्चात्ताप किती आणि निलाजरेपणा किती, याचा निवाडा मी करीत नाही. परंतु तेथील वसाहत ज्याच्या कातड्यावर उभी राहिली त्याला निदान दडवून तरी ठेवले नाही.

तथापि माझी खरी भक्ती आहे ती चित्रकार अॅलेक्स कोलव्हिल यांच्या, कॅनडाच्या संघराज्याच्या १९६७ च्या शतसांवत्सरिक मालिकेवर. सिंह-गरुडांची मिरास बाजूस सारून त्यांनी सेंटावर पारवा बसविला, पाचांवर ससा, पंचवीसांवर रानमांजर, पन्नासांवर ओरडणारा लांडगा, डॉलरवर उडता हंस. आणि दहा सेंटांवर आपल्या कोकणातील बांगड्याच्याच कुळातला मासा! कुठल्याही राष्ट्राने बांगड्याला एवढी प्रतिष्ठा दिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढील वर्षी जुनी चित्रे परत आली, हे मला आजही खटकते.

होडीचे पुढे काय झाले, तेही ऐका. कागदी डॉलरऐवजी नवे नाणे काढण्याचे ठरले, त्यावर तीच होडी यायची होती. परंतु १९८६ साली ओटावाहून विनिपेगच्या टांकसाळीकडे धाडलेले ठसे वाटेत गहाळ झाले, त्यांवरून बनावट नाणी पाडली जातील या धास्तीने सरकारने चित्रच बदलले, आणि १९८७ साली रॉबर्ट-राल्फ कारमायकेल यांनी रेखाटलेला लून नावाचा पाणपक्षी नाण्यावर येऊन बसला, तो कायमचाच.