घरी राहा म्हणजे कुठे?
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हेत, उभा जन्म साच्यावर गेला. चुकलं तर सांभाळून घ्या. पण कोरोनाच्या वेळची एक गोष्ट या विहारात बोलायची राहून गेली आहे, ती आज बोलतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. गिरणीचे साचे थांबले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं कोंडून बसलो आणि स्वतःला दुर्दैवी समजू लागलो. टीव्हीवर सारखं चालू, घरी राहा, हात धुवा. आता विहाराच्या भिंतीला प्लास्टिक बांधून राहणारी ती चार कुटुंबं, त्यांनी कोणत्या घरी राहायचं? २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, एकट्या मुंबईत ५७ हजारांच्या वर. रात्री कुठेही पाठ टेकणारा माणूस मोजणाऱ्याच्या हाताला लागतो कुठे? तेव्हा हा आकडाही कमीच धरावा.

फूटपाथवरचा माणूस जगतो तो रस्त्याच्या जिवावर. नाक्यावरचं काम, हमाली, भंगार, लग्नातलं वाढप, हॉटेलातली भांडी. रस्ता बंद झाला की त्याची चूल बंद. शिवभोजन थाळी सरकारने दहाची पाच रुपयांना केली, चांगलं केलं. पण ज्याच्या हाती पाच रुपयेही येईनात त्याचं काय? माणशी पाच किलो फुकट धान्य आलं, ते रेशनकार्डवाल्याला. आणि कार्डाला पत्ता लागतो. संडासाला जायचं तर पैसे. जानेवारी २०२१ मध्ये लस आली, तिलाही ओळखपत्र! ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी वेगळी पद्धत केंद्राने काढली मे महिन्यात.

शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा निवारा असावा, असं सरकारच्याच योजनेत लिहिलं होतं. मुंबई सव्वा कोटीची. हिशेब तुम्हीच करा. तेवढे निवारे आधी बांधले असते तर ऐनवेळी शाळांचे वर्ग उघडून माणसं ठेवावी लागली नसती.

हे झालं सरकारचं. आता आपलं.

त्या कुटुंबांतल्या बाया विहाराच्या नळावर पाणी भरायच्या. एप्रिलमध्ये तोंडाला रुमाल बांधून कमिटीची बैठक झाली. रोग आत येईल म्हणून नळाला कुलूप लावायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर भाषणं ठोकणारे आम्ही! अकरा दिवस कुलूप राहिलं. बाया हंडे घेऊन कुठे जात होत्या, आम्ही विचारलंसुद्धा नाही. शेवटी आमच्या मातोश्रींनी खोलीतच विचारलं, "गावाला आपल्याला वरून पाणी ओतायचे, तेव्हा त्यांनाबी रोगाचंच भ्या होतं का रं?" आम्हाला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. पाईप वाढवून नळ भिंतीबाहेर नेला, साबणाची वडी दोरीला बांधली. त्या चार कुटुंबांपैकी एक आजही तिथेच आहे. बाकीची पुढे कुठे गेली, आम्हाला ठाऊक नाही.

नळ बाहेरच आहे. त्याची तोटी महिनाभर गळते आहे. वर्गणीतून मंडपाच्या आधी तेवढी बदलावी, ही कमिटीला विनंती. जयभीम.