मेलेले माकड प्रथम कोणास दिसते?

1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडीतून पसरणारा विषाणू शोधून काढला. 2016 मध्ये हाच माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. कर्जत व खालापूर त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. तेथे रोग आला आहे, असे नव्हे. परंतु पाहणी तो येण्यापूर्वीच व्हावयास हवी, आणि पाहणीस अनुदान लागते.

अनुदानाच्या अर्जात उपकरणे, रसायने, प्रवास यांची कलमे कोणीही विसरत नाही. पण मेलेले माकड प्रयोगशाळेस दिसत नाही. ते दिसते लाकूडफाट्यास गेलेल्या कातकरी वा ठाकर बाईला, आणि त्याच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी चिकटतात त्याही तिच्याच पायांना. तिने दिवसाची मजुरी बुडवून खबर द्यावी आणि अर्जात ‘लोकसहभाग’ या एका शब्दावर तिची बोळवण व्हावी, हा कुठला न्याय? खबरेच्या दिवसाचा रोज आणि वाडीसाठी गोचीडरोधक तेल ही कलमे रसायनांच्याही आधी लिहिली पाहिजेत. यात उपकार कसले? कुजलेल्या देहातून विषाणू हाती लागणे दुरापास्त असते. खबर चार दिवस उशिरा आली, तर लाखोंचे यंत्र नुसते उभे राहते.