सोलापूरचा के दिहुआ

(सोसायटीच्या वार्षिक दिनी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा आवरून.)



आपल्याकडे शिक्षणावर सभा भरली की चीनचे नाव हटकून निघते. इल्म मिळविण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे वचन कोणी ना कोणी वक्ता म्हणतोच. हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद कमजोर ठरवली आहे, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पण लहानपणी ते ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न येई : आमच्या भागातून खरोखर तिथवर गेले तरी कोण? उत्तर माझ्याच गावात, सोलापुरात होते आणि ते मला फार उशिरा कळले. हा माणूस घ्यायला नव्हे, द्यायला गेला होता. पण देण्याआधी त्याला पुष्कळ काही घ्यावे लागले. आज मला सांगावयाचे आहे ते त्याविषयी.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. प्रमुख डॉ. अटल, ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी बोट मुंबईहून सुटली. कोटणीसांचे वय तेव्हा सत्तावीस, म्हणजे आपल्याकडे नोकरीत कायम होण्याची वाट पाहण्याचे वय.

चुंगकिंग शहरी त्यांना पहिली गोष्ट मिळाली ती नाव. शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्राध्यापक तान युन-शान तेव्हा तिथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले के दिहुआ. हे टोपणनाव नव्हते. पुढे चार वर्षे सैनिक, विद्यार्थी व गावकरी त्यांना याच नावाने ओळखत होते, आणि आजही तिकडे तेच नाव चालते.

याच शहरात दुसरी गोष्टही आली. येनानकडे निघण्याच्या सुमारास घरून बातमी आली की वडील वारले. मागे सोलापुरात आई आणि भावंडे. परत जाण्यास कोणाची हरकत नव्हती. किंबहुना चिनी माणसाला तर ते सर्वांत आधी पटले असते. कन्फ्यूशियसच्या परंपरेत आई-वडिलांचा शोक तीन वर्षांचा मानत. जुन्या राजवटींत मोठमोठे अधिकारीसुद्धा कारभार सोडून घरी जाऊन बसत. अशा देशात उभे राहून कोटणीसांनी ठरविले की परतावयाचे नाही.

इथे मी थांबतो, कारण याच जागी नववीच्या एका मुलाने मला अडवले होते. सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. तिथे मी वर्ग घेऊन गेलो होतो. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “सर, वडील गेले तरी आले नाहीत? हे चांगले कसे?” मी त्याला देशसेवा, मानवता असे काहीतरी सांगितले. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते पटले नाही हे दिसत होते. मलाही पटले नव्हते. मी बी.एड. ला परगावी असताना अब्बा आजारी पडले. परीक्षा बुडू नये म्हणून घरच्यांनी मला कळवले नाही. शेवटचा पेपर देऊन घरी पोचलो तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. मला कोणी विचारले असते तर मी पेपर टाकून आलो असतो, हे मी आजही सांगतो. कोटणीसांना विचारले गेले आणि त्यांनी नाही म्हटले. त्यांना बरोबर किंवा चूक ठरविण्याचा अधिकार मला नाही. ती गोष्ट त्यांना सोपी गेली असेल, असे मात्र मुळीच वाटत नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचले. तिथली घरे म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा : दर्शनी बाजूला कमान, लाकडी जाळीच्या खिडकीला चिकटवलेला कागद, आत थंडीत खालून ऊब देता येईल असा विटांचा ओटा, त्यावरच बसणे, त्यावरच झोपणे. त्या मुलखात रोजचे अन्न राळ्याचे. होय, तेच राळे, जे आपल्या आजी-पणजी शिजवीत आणि जे आज आपल्या मुलांना ओळखूही येत नाही. ज्वारीच्या गावातला माणूस राळ्याच्या पेजेवर राहिला.

भाषेचे काम अधिक कठीण. शिक्षक म्हणून मला याच भागाचे कौतुक वाटते. चिनी भाषेत एकच ‘मा’ चार सुरांत उच्चारला तर चार अर्थ होतात : आई, ताग, घोडा, आणि रागे भरणे. सूर चुकला तर आईचा घोडा होतो. कोटणीस ती बोलावयास, लिहावयास शिकले, इतकेच नव्हे तर त्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहावयासही घेतले. दुभाष्याच्या आधाराने वर्षभर सेवा करून परतता आले असते आणि कोणी दोष दिला नसता. पण रोग्याला कुठे दुखते ते त्याच्याच शब्दांत ऐकावे, असे त्यांना वाटले असावे. त्या गावांत लोक त्यांना ‘हेइ मामा’ म्हणत, असे सांगतात. चिनी भाषेत मामा म्हणजे आई; हेइ मामा म्हणजे काळी आई. आपण मराठीत काळी आई कशाला म्हणतो ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला सांगावयास नको.

इतर डॉक्टर एकेक करून परतले. डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांनी उपचार करण्याची विद्या शिकून आले आणि तिचा आपल्या देशात प्रसार केला. कोटणीस आघाडीवरच राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींची सेवा करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे तरी काय, खेड्यातली घरे आणि शत्रू जवळ आला की हलवावा लागणारा पसारा. त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकविणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ : यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. मूल चार महिन्यांचेही नव्हते. हा मुलगा पुढे वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. कुओ चिंग-लान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. शिच्याच्वांग येथे कोटणीसांची कबर आहे. चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीस छिंगमिंगच्या दिवशी लोक पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून फुले ठेवतात. आपल्याकडे शबे-बरातीला कब्रस्तानात जातात, तसेच काहीसे. त्या दिवशी या कबरीवरही फुले पडतात. परतून वडिलांच्या श्राद्धाला न बसलेल्या मुलाला परक्यांनी पूर्वजांत धरले.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला चित्रपट जुन्या लोकांना आठवत असेल. त्याच्या मुळाशी ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ चे इंग्रजी पुस्तक होते. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ : आणि एक जण परतला नाही. सहलीनंतर त्या मुलाने मला या पुस्तकाविषयी विचारले. माझ्याजवळ झेरॉक्स प्रत होती, ती दिली. त्याचे इंग्रजी बेताचेच, तो शब्दकोश घेऊन बसतो. परवा व्हरांड्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, चाळीस पाने झाली. अजून बोटच सुटली आहे.”