माठाची टिचकी आणि भट्टीची वीट

(केंदूर येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गावात आलो की पारावर एकच प्रश्न येतो, "तू नोकरीत नक्की करतोस तरी काय?" मी सांगतो, "विटा तापवतो आणि गार करतो, फुटेपर्यंत." लोक हसतात. आज जरा नीट सांगतो.

आपल्या आया पाबळच्या बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघायच्या. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो. नमुन्याला हलका ठोका द्यायचा आणि त्याची कंप्रता मोजायची. आत बारीक तडे असतील तर ती उतरते.

तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच का तडकते? बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला गरम भाग त्याला आकसू देत नाही. पृष्ठभागावर ताण येतो. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून तापवण्यापेक्षा एकदम गार करणं जास्त घातक. अॅल्युमिनाचा घट्ट नमुना पाण्यापेक्षा साधारण 200 अंशांनी जास्त तापवून पाण्यात टाकला, की त्याची ताकद एकदम घसरते. शुद्ध सिलिकाची काच मात्र लालभडक असताना पाण्यात टाकली तरी टिकते, कारण तापल्यावर ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही.

गंमत अशी, की जे घट्ट आणि मजबूत तेच टिकतं असं नाही. आपला कुंभार मातीत लीद कालवतो. भाजताना ती जळते आणि बारीक पोकळ्या राहतात. पुढे सरकणारा तडा अशा पोकळीत अडतो. म्हणून खापराचा तवा चुलीवर वर्षानुवर्षं चालतो आणि चिनी मातीची बशी एका भाकरीतच तडकते. भट्टीच्या विटेतही थोडी सच्छिद्रता ठेवतात, त्यामागे हेही एक कारण.

पण एकदा टिकली म्हणजे कायमची टिकली, असंही नाही. म्हणून वीट तापवायची, बाहेर काढून गार करायची, पुन्हा तापवायची आणि फेऱ्या मोजायच्या. प्रत्येक फेरीत तडा केसभर पुढे सरकतो. वरून काही दिसत नाही. यालाच आम्ही थकवा म्हणतो.

आता मनातलं बोलतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मालाच्या 30 फेऱ्या करायच्या होत्या. माल पाठवायची घाई होती. 18 झाल्या, विटा धडधाकट दिसत होत्या. उरलेल्या 12 फेऱ्यांचे आकडे मी अंदाजाने भरले आणि सही केली. तीन महिन्यांनी त्या विटांचं अस्तर चिरलं, वितळलेला धातू बाहेर आला आणि एका कामगाराचा पाय भाजला. माझ्या तक्त्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सांगितलं. बढती गेली, त्याचं काही वाटलं नाही. तो माणूस अजून लंगडतो, त्याचं वाटतं.

नववीत लंबकाच्या प्रयोगाची वाचनं मी शेजारच्या वहीतून उतरवली होती. समोर बसलेल्या आपल्या सरांनी वही परत देताना एवढंच म्हटलं, "उत्तर बरोबर आहे, पण हे तुझं वाचन नाही." सर, तेव्हा मला वाटलं, उत्तर बरोबर आहे ना, मग झालं तर. त्या वाक्याचा अर्थ मला भट्टीपाशी कळला.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट शिकवतो. जी फेरी झाली नाही, तिचा रकाना कोरा ठेवायचा.

सर, ती वही आज पुन्हा तपासायला आणली आहे असं समजा. उशीर झाला, पण वाचनं माझी आहेत.