संगणक एकाएकी बंद का पडतो?



एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील एखादा ग्रामस्थ दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी येतो आणि अर्ज अर्धा भरून झाला असतानाच संगणक एकाएकी बंद पडतो. अशा वेळी बिघाड केवळ यंत्राचा राहत नाही. एका माणसाचा दिवस वाया जातो. यास्तव कारण शोधण्याची रीत प्रत्येक पंचायतीस व शाळेस अवगत असणे अगत्याचे आहे.

प्रथम नोंद ठेवावी. यंत्र किती वाजता बंद पडले, कोणते काम चालू होते, पडद्यावर कोणता संदेश उमटला, हे वहीत लिहावे. विंडोज प्रणालीतही ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. तीत 41 क्रमांकाची नोंद दिसली की कारण सापडले, असा पुष्कळांचा समज होतो. वास्तविक संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते.

वेळेवरून बराच उलगडा होतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 अंशांपर्यंत चढतो. सकाळी सुरळीत चालणारे यंत्र दुपारी बंद पडत असेल, तर आतील पंखा व साचलेली धूळ पाहावी. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद होते. वीज क्षणभर जाताच यंत्र बंद पडत असेल, तर यूपीएसची बॅटरी क्षीण झाल्याचा संभव असतो. निळ्या पडद्यावर संदेश येत असेल, तर रॅम, डिस्क अथवा नव्याने बसविलेला ड्रायव्हर तपासावा.

मात्र एका वेळी एकच बदल करावा. तीन भाग एकदम बदलल्यास यंत्र चालू होईल. पण दोष कशात होता, हे कळणार नाही आणि चांगल्या भागावरही सार्वजनिक पैसा खर्ची पडेल. यंत्र उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी व माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.

1947 साली हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क-2’ संगणकाच्या रिलेत एक पतंग सापडला. कर्मचाऱ्यांनी तो नोंदवहीतच चिकटवून ठेवला. कारण डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे, हा त्या जुन्या वहीचा धडा अरण्यप्रदेशातील कार्यालयांसही तितकाच उपयुक्त आहे.